सिगरेट कशी सोडलीत ते सांगा (का सोडावी ते नको)

अर्धाकटिंग · रविवार १५ जून, रात्री ११:४०

मंडळी, वय ४१, मुक्काम पुणे, नोकरी हिंजवडीत. ओढायला लागून १९ वर्षं झाली. सध्या रोज १२ ते १४, सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या आठवड्यात वीसही होतात. आजवर पाचदा सोडली आहे. सगळ्यात लांबची मजल साडेचार महिने, ती एका मित्राच्या हळदीत संपली.

दोनदा श्रावण पाळून झाला. पण श्रावण संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्यामुळे ते सोडणं नव्हतंच, रजा होती. एकदा रोज एक कमी करत गेलो, पाचावर अडकलो आणि महिन्याभरात पंधरावर आलो. एकदा निकोटिनची गोळी, ती चघळायची, तिने दोन तास उचक्या लागल्या. आणि एकदा बायकोला शब्द दिला होता, त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता विनंती. फुप्फुसांचे फोटो टाकू नका. पाकिटाची ८५ टक्के जागा त्यानेच व्यापलेली आहे आणि मी तो दिवसाला चौदा वेळा बघतो. खर्चाचा हिशेबही नको: चौदा गुणिले अठरा, रोजचे २५२, महिन्याचे साडेसात हजार, मला गणित येतं. ज्यांनी खरंच सोडली आहे त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. पहिल्या दिवशी सकाळी उठून काय केलं, इथपासून.

ता. क. ऑफिसखालच्या टपरीवर माझं खातं आहे. सुट्टी सिगरेट घेतो, महिनाअखेरीला हिशेब. महाराष्ट्रात सुट्टी सिगरेट विकायला २०२० पासून बंदी आहे हे मला ठाऊक आहे. टपरीवाल्यालाही आहे.

सह्यकडा · रविवार १५ जून, रात्री ११:५२

इच्छाशक्ती लागते, बाकी काही नाही. मी २०११ साली पाकीट चुरगाळून कचऱ्यात टाकलं. संपला विषय.

टिकली · सोमवार १६ जून, सकाळी ७:१५

हा प्रतिसाद किती मिनिटांत येतो ते बघत होते. बारा.

डॉ_कुहू · सोमवार १६ जून, सकाळी ९:०५

सह्यकडा, तुमचं अभिनंदन मनापासून. पण कुठलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने-वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. तुम्ही त्या पाचांतले. उरलेले पंचाण्णव काही इच्छाशक्तीत कमी नसतात. त्यातले कित्येक मॅरेथॉन धावतात, यूपीएससीला बसतात.

अर्धाकटिंग, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीराची ओढ जास्त, असा साधा ठोकताळा आहे. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण दोनेक तासांत निम्म्यावर येतं, म्हणून रात्रभराच्या झोपेनंतर तुम्ही रिकामेच उठता. सोडल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोपेचा विचका, लक्ष न लागणं, हे सारं तीन-चार आठवड्यांत उतरतं.

आणि उचकी लागली कारण तुम्ही ती च्युइंगमसारखी खाल्लीत. सगळे तेच करतात, कारण केमिस्ट पुडी देतो आणि काही सांगत नाही. ती हळू चावायची. तिखट झिणझिण आली की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायची. झिणझिण गेली की पुन्हा दोन-चारदा चावायची. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून जातं. लाळेबरोबर गिळलंत तर ते पोटात जातं, मग उचकी आणि जळजळ. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको, तोंड आंबट असेल तर ते शोषलंच जात नाही.

अर्धाकटिंग · सोमवार १६ जून, सकाळी ९:३०

डॉक्टर, उठल्यावर दहा मिनिटं. आणि मी ती गोळी चहाबरोबरच खात होतो. सिगरेट चहाबरोबर, तर तिची बदली पण चहाबरोबर, असा साधा विचार.

नाना_निवृत्त · सोमवार १६ जून, सकाळी ११:२०

वय ६८. एसटीत ३१ वर्षं काढली, आधी विडी, मग सिगरेट. सोडून नऊ वर्षं झाली. एक गोष्ट कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून मी बोलतो. माझी अडचण सकाळची होती. विडी पेटवल्याशिवाय पोट साफ होत नसे. दोनदा केवळ त्यापायी पुन्हा धरली. चौथ्या दिवशी माणूस कासावीस होतो हो.

तिसऱ्या खेपेला आमच्या घरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे होणारच, दोन-तीन आठवडे राहणार, आधीपासून तयारी करा. रात्री इसबगोल, सकाळी दोन तांबे कोमट पाणी, पपई, आणि उठल्या उठल्या अंगणात वीस मिनिटं चालणं. सतराव्या दिवशी गाडी आपोआप रुळावर आली. हसणाऱ्यांनी हसावे.

सह्यकडा · सोमवार १६ जून, सकाळी ११:४१

नाना, हसत नाही. मला पण झालं होतं. लिहिलं नव्हतं इतकंच.

टिकली · सोमवार १६ जून, दुपारी १:०८

माझी गोष्ट टपरीची नाही. मी मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात होते, दिवसाला आठ-नऊ. बाई टपरीवर उभी राहून ओढायला लागली की रिक्षावाल्यापासून सगळे बघतात, त्यामुळे माझी जागा म्हणजे ऑफिसच्या मागचा फायर एस्केपचा जिना. तिथे आम्ही तिघी. निम्मी कामं तिथेच ठरायची.

गरोदर राहिले त्या दिवशी सोडली, एका क्षणात, काही त्रास नाही. मळमळीने वासच नको झाला होता. सगळ्यांनी कौतुक केलं. बाळ आठ महिन्यांचं झालं, मी कामावर परतले, आणि पहिल्याच आठवड्यात त्या जिन्यावर होते. तेव्हा कळलं की मी सोडली नव्हती, बाळासाठी थांबवली होती.

दुसऱ्यांदा सोडताना जिना सोडला. म्हणजे अक्षरशः टीम बदलून घेतली, चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर. त्या दोघींशी चार महिने धड बोलले नाही, त्यातली एक अजून रागावलेली आहे. सिगरेट मला फारशी आठवली नाही. जिना आठवला. अजून आठवतो, साडेअकराला आणि साडेचारला.

अर्धाकटिंग, तुम्ही टपरीवर किती जण असता?

अर्धाकटिंग · सोमवार १६ जून, दुपारी २:३०

पाच. त्यातला एक ओढत नाही, नुसता चहाला येतो.

टिकली · सोमवार १६ जून, दुपारी २:३३

त्याला धरून ठेवा.

माणदेशी · सोमवार १६ जून, रात्री ९:१७

मी एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. सिगरेट सोडायची म्हणून मी तंबाखू मळायला लागलो. धूर नाही, वास नाही, बायको खूश, ऑफिसात बसून चालतं. सिगरेट तीन आठवड्यांत सुटली! गावभर सांगत फिरलो. पुढची सहा वर्षं चंची खिशात. गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा दंतवैद्याने विचारलं, सिगरेट कधी सोडली? मी अभिमानाने साल सांगितलं. तो म्हणाला, बरोबर, तेव्हापासूनचाच दिसतोय.

आपल्याकडे हा सापळा मोठा आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ शंभरात चारसुद्धा भरले नाहीत, ३.८ टक्के, आणि तंबाखू-गुटखा-मिश्रीवाले निघाले २४.४ टक्के. म्हणजे आपण काही सोडलेलं नाही, धूर तेवढा सोडला. माझी आजी रोज दोनदा मिश्री लावायची आणि मला म्हणायची, त्या शिगरेटीच्या नादी लागू नको.

चंची सुटली ती मुक्तांगणच्या एका माणसामुळे. दाखल झालो नव्हतो, फक्त गुरुवारी एका गटात बसायला जायचो. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं ते केंद्र लोकांना दारूमुळे माहीत आहे. तंबाखूवाला तिथे जायला लाजतो, आपलं दुखणं फारच किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं.

पंचमी · सोमवार १६ जून, रात्री १०:०२

लवंग, वेलची, बडीशेप, ओवा, ज्येष्ठमधाची काडी. आमच्या ह्यांनी ज्येष्ठमधाच्या काडीवर काढलं. हाताला आणि ओठाला काहीतरी लागतं ना, ती काडी अगदी तशीच धरता येते. साखर घातलेलं काही ठेवू नका, वजन तसंही चार-पाच किलो वाढतंच.

डॉ_कुहू · सोमवार १६ जून, रात्री १०:४०

काडी चालेल, बेताने. रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध रोज चघळू नये, त्याने दाब वाढतो. दालचिनीचा तुकडा घ्या.

लेस्टरकर · मंगळवार १७ जून, पहाटे ३:२५

इकडची, इंग्लंडातली कथा. इथे एका पाकिटाला पंधरा पौंडांच्या वर पडतात, तरी मी सोडली नव्हती. शेवटी मोफत सरकारी सल्लागाराकडे गेलो, तिने वेप, म्हणजे ई-सिगरेट, धर म्हणून सांगितलं. खरंच, इथे आरोग्यखात्याची माणसंच सांगतात. सिगरेट एका आठवड्यात सुटली. पुढे वेप सुटायला तीन वर्षं लागली, कारण त्याला थोटूक नसतं. सिगरेट संपते. वेप संपतच नाही, सकाळी उशीखालून काढला की रात्रीपर्यंत तोंडात. वापरून फेकायचे वेप इथे १ जून २०२५ पासून विकायला बंद झाले, आता भरायचेच मिळतात.

भारतात हा रस्ता नाहीच. २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं सगळं बंद आहे. मी डिसेंबरात आईकडे यायचो तेव्हा तीन आठवडे पुन्हा सिगरेट ओढायचो. असला विनोद.

सुटलं ते सायटिसिन नावाच्या गोळ्यांनी. २०२४ च्या जानेवारीपासून इथे मिळायला लागलं. २५ दिवसांचा कोर्स, पहिले तीन दिवस दिवसाला सहा गोळ्या, मग कमी कमी, आणि पाचव्या दिवसापर्यंत सिगरेट बंद करायची. गंमत म्हणजे औषध नवं नाही, बल्गेरियात १९६४ पासून विकतात. लॅबर्नम नावाच्या झाडातून येतं.

कोकणमेवा · मंगळवार १७ जून, सकाळी ८:१०

लॅबर्नम म्हणजे आपला बहावा की! इंडियन लॅबर्नम. आमच्या परसात आहे. शेंगांचा काढा करून बघू काय?

डॉ_कुहू · मंगळवार १७ जून, सकाळी ८:१४

नको!! सकाळी पहिलं काम हे करावं लागेल असं वाटलं नव्हतं. पिवळी लोंबती फुलं सोडली तर दोघांचा फारसा संबंध नाही. युरोपातला लॅबर्नम वेगळा आणि त्याच्या बिया विषारी. आपल्या बहाव्यात सायटिसिन नाही. शेंगांतला गर जुलाबाचं औषध आहे.

सह्यकडा · मंगळवार १७ जून, सकाळी ८:२०

म्हणजे नानांची अडचण सुटली.

नाना_निवृत्त · मंगळवार १७ जून, सकाळी ८:५५

:) इसबगोल पुरे आहे.

डॉ_कुहू · मंगळवार १७ जून, सकाळी ९:२०

त्याच सायटिसिनवरून पुढे व्हॅरेनिक्लिन तयार झालं. ते आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. मेंदूत निकोटिन ज्या खाचेत बसतं तिथे हे अर्धवट बसतं. अर्धवट बसल्यामुळे तलफ थोडी भागते, आणि जागा अडवल्यामुळे वरून सिगरेट ओढली तरी मजा येत नाही. सुरुवात कमी मात्रेने, आठवड्याभराने पूर्ण, सहसा बारा आठवडे. पहिला आठवडा सिगरेट चालू ठेवायची मुभा असते, आठव्या दिवशी बंद. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर. स्वप्नं भलतीच पडतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल, आधी मनाचा आजार झाला असेल तर डॉक्टरला आधी सांगा. ब्युप्रोपिऑन नावाचं दुसरं आहे, ते फिट येणाऱ्यांनी अजिबात घ्यायचं नाही.

निकोटिनची पट्टीही विसरू नका. २१ मिलिग्रॅमपासून सुरू, मग १४, मग ७. दंडाला सकाळी चिकटवा आणि विसरून जा. पट्टी दिवसभराचा पाया, आणि अचानक तलफ आली की चघळायची गोळी. दोन्ही एकत्र घेतलेलं एकट्यापेक्षा जास्त चालतं.

झेंडूचं_फूल · मंगळवार १७ जून, रात्री ८:३०

सगळी औषधं चालली आहेत म्हणून दुसरी बाजू. माझे वडील, बार्शीकडचे, दिवसाला एक विड्यांचा कट्टा. १९९४ च्या आषाढीला आजोबांबरोबर पंढरपूरला गेले आणि माळ घालून आले. त्या दिवसापासून विडी नाही, मटण नाही, काही नाही. आई सांगते की पहिले दहा दिवस ते रात्री उठून अंगणात हरिपाठ म्हणत फेऱ्या मारायचे. औषध नाही, पट्टी नाही.

माणदेशी · मंगळवार १७ जून, रात्री ९:०४

माझ्या मामानेही माळ घातली होती. विडी सुटली, मिश्री राहिली. विठोबाचा मिश्रीला आक्षेप आहे असं कुठे लिहिलंय, म्हणायचा.

झेंडूचं_फूल · मंगळवार १७ जून, रात्री ९:१५

:) मामांचं मामा जाणोत. पण माझा मुद्दा चमत्काराचा नाही. माळ घातली की अख्ख्या गावाला दिसते. पुढे कोणी विडी देतच नाही. ‘अहो माळकरी ना तुम्ही’, संपलं. रोज चौदा वेळा नाही म्हणायची वेळच त्यांच्यावर आली नाही, गावच त्यांच्या वतीने नाही म्हणत होतं. टिकलीताईंनी मजला बदलला, वडिलांनी गाव न बदलता तेच केलं.

टिकली · मंगळवार १७ जून, रात्री ९:२२

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. +१.

अर्धाकटिंग · बुधवार १८ जून, रात्री १०:५०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आज डॉक्टरकडे जाऊन आलो. व्हॅरेनिक्लिन दिलंय, उद्या सुरू. तारीख २६ जून, गुरुवार. घरी अजून सांगितलेलं नाही.

रेवती_म · बुधवार १८ जून, रात्री ११:१५

घरी सांगा किंवा सांगू नका, पण लपवू नका, यात फरक आहे. मी दुसऱ्या बाजूची. नवरा ‘सोडली’ म्हणायचा आणि मी शर्टाचा वास घ्यायचे. गाडीच्या डॅशबोर्डात पुदिन्याच्या गोळ्या सापडल्या की माझा पारा चढायचा. दोन वर्षं मी पोलीस आणि तो चोर. एके दिवशी दमून म्हटलं, मी आता वास घेणार नाही, विचारणार नाही, तुला सांगायचं तेव्हा सांग. त्यानंतर चार महिन्यांनी त्याने सोडली. मी गप्प बसल्यामुळे सोडली असा दावा नाही. पण पुदिन्याच्या गोळ्या मात्र त्याच आठवड्यात बंद झाल्या.

चहाबाज · गुरुवार १९ जून, सकाळी १०:३०

मी १८००-११-२३५६ ला फोन केला होता. पाकिटावर छापलेला असतो तो. २०१६ मध्ये दिल्लीच्या छातीच्या रुग्णालयात सुरू झालेली सरकारी सेवा, आता मुंबईत टाटाकडेही केंद्र आहे, त्यामुळे मराठीत बोलता येतं. मला वाटलं रेकॉर्ड वाजेल. खरी बाई बोलली. तिने मला एकच काम दिलं, दोन दिवस प्रत्येक सिगरेटच्या आधी वेळ आणि कारण लिही. पंधरापैकी नऊच्या पुढे मी ‘काही नाही’ लिहिलं होतं. त्या नऊ पहिल्या आठवड्यात गेल्या. उरलेल्या सहा खऱ्या होत्या, त्यांनी रक्त काढलं. नंतर तिकडूनच फोन येत राहिले. कोणीतरी मंगळवारी फोन करून विचारणार आहे, एवढ्यावर मी कितीतरी सोमवार काढले.

सह्यकडा · गुरुवार १९ जून, सकाळी ११:००

हळूहळू कमी करण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. तोडायची तर एका घावात.

डॉ_कुहू · गुरुवार १९ जून, दुपारी १:४५

यात तुमची बाजू थोडी वरचढ आहे, मान्य. ऑक्सफर्डच्या लोकांनी २०१६ मध्ये सातशेच्या आसपास माणसांवर हेच तपासलं होतं. ठरल्या दिवशी एकदम सोडणारे चार आठवड्यांनी ४९ टक्के टिकले, दोन आठवडे कमी करत आणून सोडणारे ३९ टक्के. पण दोन्ही गटांना पट्ट्या आणि आधार दिला होता. पाकीट चुरगाळणं एवढंच नव्हतं.

अर्धाकटिंग · बुधवार २५ जून, रात्री ११:३०

उद्या. गोळ्यांचा आठवडा झाला. मळमळ आहे, पण मजा खरंच गेली आहे. सिगरेट ओढतोय आणि ओल्या पुठ्ठ्याची चव. काल स्वप्नात मी आणि सोसायटीचे चेअरमन बैलगाडीने दुबईला निघालो होतो, वाटेत टोल भरायला सुट्टे नव्हते.

टिकली · बुधवार २५ जून, रात्री ११:४१

खातं मिटवलं का टपरीवरचं?

अर्धाकटिंग · शनिवार २८ जून, रात्री ९:१०

दिवस तिसरा. बारीकसारीक गोष्टी लिहितो, कोणाला उपयोग झाला तर. सकाळी नानांची पद्धत. ऑफिसला जायचा रस्ता बदलला, पार्किंगच्या मागच्या गेटने आत. न ओढणारा मित्र, त्याच्याबरोबर चहा आता कॅन्टीनमध्ये. जेवण झाल्यावर तोंडात काय घालावं हा मोठा प्रश्न आहे, सध्या भाजलेले चणे. तलफ आली की घड्याळ लावतो. चार मिनिटांच्या वर एकही टिकली नाही, पण चार मिनिटं किती लांब असतात हे पहिल्यांदा कळलं. हात थरथरतायत आणि रात्री दोनपर्यंत झोप नाही. हे औषधाचं का?

डॉ_कुहू · शनिवार २८ जून, रात्री ९:३५

चहा किती?

अर्धाकटिंग · शनिवार २८ जून, रात्री ९:३६

आठ-नऊ कटिंग. सिगरेट नाही तर निदान चहा तरी!

डॉ_कुहू · शनिवार २८ जून, रात्री ९:५०

निम्मा करा, संध्याकाळनंतर बंद. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन झपाट्याने निकालात काढतं. धूर बंद झाला की ते काम मंदावतं, आणि तेवढ्याच चहाचं कॅफीन रक्तात जवळजवळ दुप्पट साचतं. लोकांना वाटतं सिगरेट सोडल्याची थरथर आहे, म्हणून पुन्हा पेटवतात. पुष्कळदा ती चहाची असते.

नाना_निवृत्त · शनिवार २८ जून, रात्री १०:०५

हे नऊ वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर पंधरा रात्री वाचल्या असत्या.

अर्धाकटिंग · सोमवार ७ जुलै, पहाटे २:४०

ओढली. रविवारी रात्री रिलीज होता, दीड वाजता सगळं रोलबॅक, केलेलं काम मागे घ्यावं लागलं. चौघे खाली गेले, मी पण गेलो. एक ओढली, दुसरी अर्धी टाकली. चव नव्हती, तरी ओढली. आषाढीचा उपास पण होता, दिवसभर साबुदाणा आणि वर हे. अकरा दिवस गेले पाण्यात.

माणदेशी · सोमवार ७ जुलै, सकाळी ७:३०

सिगरेट उपासाला चालते का, यावर वेगळा धागा काढा. मामाचं मत मी कळवतो.

सह्यकडा · सोमवार ७ जुलै, सकाळी ८:१२

मोजणी शून्यापासून. नियम म्हणजे नियम.

चहाबाज · सोमवार ७ जुलै, सकाळी ८:४०

कशाला शून्यापासून? अकरा दिवसांत रोजच्या चौदाने दीडशेच्या वर व्हायच्या, दीड झाली. मला फोनवरच्या बाईने विचारलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ओढली का? तेवढंच महत्त्वाचं, म्हणाली. तुम्ही आज सकाळी ओढली का?

अर्धाकटिंग · सोमवार ७ जुलै, सकाळी ९:१५

नाही.

डॉ_कुहू · सोमवार ७ जुलै, सकाळी ९:२०

मग गोळ्या चालू ठेवा, ठरल्या वेळी. ‘आता बिघडलंच’ म्हणून गोळी बंद करू नका, बहुतेक जण नेमकं तेच करतात.

रेवती_म · सोमवार ७ जुलै, सकाळी १०:००

घरी सांगितलंत?

अर्धाकटिंग · सोमवार ७ जुलै, सकाळी १०:०४

सकाळी चहा देताना तिने विचारलं नाही. मीच सांगितलं. ती म्हणाली, दीडच ना? आणि पोळ्या करायला गेली.

टिकली · सोमवार ७ जुलै, सकाळी १०:३०

सगळे दिवस मोजतायत, मी दुसरंच विचारते. दीड वाजता खाली गेल्यावर पैसे कोणी दिले?

अर्धाकटिंग · सोमवार ७ जुलै, सकाळी ११:१०

खात्यावर लिहायला सांगितले.

टिकली · सोमवार ७ जुलै, सकाळी ११:११

हं.

अर्धाकटिंग · गुरुवार २४ जुलै, रात्री ११:२०

धागा वर काढतोय. आज गटारी, एकोणतिसावा दिवस (सह्यकडांच्या हिशेबाने सतरावा). दीडनंतर एकही नाही. वजन दोन किलो वाढलं. खोकला सोडल्यावर वाढला, डॉक्टर म्हणाल्या छाती झाडलोट करतेय. गोळ्या अजून दोन महिने. ऑफिसच्या गटारीला गेलो नाही, कारण काहीच सांगितलं नाही, डोकं दुखतंय म्हटलं. उद्यापासून श्रावण आहे, सगळे विचारतील, या वेळी श्रावणापुरती का? हो म्हणणार आहे. सोपं पडतं.

टिकलीताई, खातं मिटवलं. ४३२ रुपये होते. महिनाभर मिटवत नव्हतो, कारण मिटवलं की तिथे जायला काही कारणच उरलं नसतं, हे तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं. प्रत्यक्ष गेलो नाही, फोनवरून पैसे पाठवले. दोन मिनिटांत त्याचा फोन आला, साहेब, नोकरी बदलली काय?

टिकली · गुरुवार २४ जुलै, रात्री ११:३१

काय सांगितलंत?

अर्धाकटिंग · गुरुवार २४ जुलै, रात्री ११:३२

मजला बदलला म्हटलं.